मातीपासून राखलेले हात

दगडोबा हे नाव ऐकलं की डोळ्यांपुढे एखादा काळाकभिन्न, धट्टाकट्टा गडी उभा राहतो. पार्वतीबाईचा दगडोबा तसा मुळीच नव्हता. बारीक मानेचा, मोठाल्या डोळ्यांचा, आणि हात तर असे मऊ की बड्या घरच्या सुनेचेही नसतील. धनगराच्या पोराला असले हात शोभत नाहीत, असं सेनगावकडच्या गोरेगावच्या बाजारात बायका तोंडावर म्हणायच्या. पार्वतीबाईला त्याचा राग येत नसे. उलट ती पोराचा हात हातात घेऊन बायकांना दाखवायची.

त्याला कारण होतं. साधनाच्या पाठीवर तिला तीन मुलगे झाले आणि तिन्ही गेले. एक तापानं गेला, एक हगवणीनं, आणि तिसऱ्यानं तर बारशाइतकीही सवड दिली नाही. नवरा अंगद मेंढ्या घेऊन फिरणारा; कळप बसेल तिथं बिऱ्हाड. त्यामुळे पोरं पुरली तीही जिथल्या तिथं. एक सेनगावकडच्या बांधाला, एक ओढ्याच्या काठी, एक कुणाच्या तरी तुरीच्या कडेला. पुढच्या वर्षी कळप त्या वाटेनं गेला तेव्हा तिनं जागा शोधली. शेत नांगरून सपाट झालेलं. कुठं बसून रडावं हेही बाईला कळेना. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं की मातीला आपल्या लेकरांची चटक लागली आहे. आणि कुठली माती ते ओळखू येत नाही, म्हणून सगळीच माती वैरीण.

चौथा झाला तेव्हा तिनं त्याचं नाव दगडोबा ठेवलं. लेकरू जगावं म्हणून दगडाधोंड्याचं नाव ठेवायची चाल आपल्याकडं जुनीच आहे. पण पार्वतीबाई तेवढ्यावर थांबणारी नव्हती. मातीला दगड पचत नाही हे खरं. तरी उगाच तो तिच्या तोंडापाशी कशाला न्यायचा? ती खंडोबाला नवस बोलली, की तुझ्या पायरीशी जावळ काढीन आणि तोवर लेकराचा हात मातीला लागू देणार न्हाई.

नवस बोलायला नुसती जीभ लागते. फेडायला कोकरू लागतं आणि नवऱ्याची सवड लागते. जावळ एकदा सुतकात अडकलं, एकदा मेंढ्यांना रोग आला म्हणून राहिलं. शेवटी निघालं तेव्हा पोरगं सहा वर्षांचं झालं होतं. नवस फिटला, पण तोवर घराला त्याची सवय लागून गेली होती.

झोळीतून साधनाच्या कडेवर, कडेवरून बाजेवर, बाजेवरून घोंगडीवर, असं ते लेकरू वाढलं. रांगायच्या वयात गुडघे टेकले की आई उचलायची. चालायला लागलं तेव्हा पायात चप्पल आणि मागं साधना. पोरगं तोल जाऊन पुढं झुकलं की ती झेलणार. त्या झेलण्यापायी साधनाची शाळा सुटली, ते कुणाच्या फारसं ध्यानातही आलं नाही. जेवण आईच्या हातानं, गुंड्या आई लावणार, नाडी आई बांधणार. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच. जपणाऱ्याला आपण काही चुकतोय असं कधी वाटत नाही.

पावसाळ्यात कळप गोरेगावजवळच्या वस्तीवर असायचा आणि दिवाळी झाली की बाहेर पडायचा. पार्वतीबाईचं एकच म्हणणं होतं, की कडेवर होतं तोवर नेलं, आता हे पोरगं मेंढ्यांमागं येणार नाही. ज्या बांधांना तीन निजवले त्याच बांधांवरून चौथ्याला फिरवायची तिची छाती नव्हती. सेनगावच्या वाटेवर एक आश्रमशाळा होती. राहणं तिथंच, जेवणं तिथंच, आणि सगळ्या खोल्यांना फरशी. फरशी पाहिली आणि बाईचा जीव तिथं अडकला. तिथले हेडमास्तर भले होते. ते म्हणाले, ‘दिवाळीनंतर एक जागा रिकामी होणार आहे, पोराला दुसरीत घेऊ. फक्त त्याला स्वतःचं नाव लिहिता आलं पाहिजे. दुसरीतल्या पोराला नाव येईना, तर मी वर काय सांगू?’

एवढंच मागणं होतं. दगडोबा. चारच अक्षरं. आणि तीच येत नव्हती.

गावातल्या शाळेचे व्यंकटराव गुरुजी हैराण झाले होते. पोरगं हुशार, पाढे घडाघडा म्हणणारं, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारं. पण पेन्सिल हातात दिली की मुठीत धरणार, बत्ता धरावा तशी. दुसरा हात पाटी धरायला येत नाही, पाटी मांडीवरून पळते. एक ओळ होते न होते तोच मान खाली, पाठ वाकडी, डोकं पाटीवर टेकलेलं. गुरुजींना एकच औषध ठाऊक होतं: गिरव. आणखी गिरव. मग त्यांनी ठरवलं की पोरगं आळशी आहे, आणि आळसावरचं औषध फूटपट्टी. तिचाही गुण येईना तेव्हा ते स्वतःच वस्तीवर आले.

‘सेनगावला पोरांचं तपासणी शिबिर हाय,’ ते म्हणाले. ‘नांदेडहून डॉक्टर लोक येऊन राहिलेत. दगडोबाला दाखवा.’

‘ते लंगड्यालुळ्यांचं हाय गुरुजी. माझ्या लेकराला काय धाड भरली?’

‘मलाबी तेच समजून घ्यायचं हाय. काहून न्हाई येत त्याला? दिवाळी काय लांब राहिली का आता?’

दिवाळीचं नाव काढलं तशी पार्वतीबाई मुकाट उठली. दुसऱ्या दिवशी साधनाला आणि पोराला घेऊन ती जीपनं सेनगावला गेली.

मांडवात एका कोपऱ्यात सतरंजी टाकून एक तरुण बाई चक्क खाली बसली होती. राधिका मॅडम. मुलांचे हात आणि हातांची कामं सुधारणाऱ्या या डॉक्टरीण, असं कुणीतरी सांगितलं. पुढ्यात दवाखान्याचं सामान काहीच नव्हतं. वाट्या, हरभरे, झाकणाच्या डब्या, कपड्यांचे चिमटे आणि मळलेल्या कणकेचा गोळा. पार्वतीबाईला वाटलं, हिला काय कळतंय, ही तर पोरींसारखी भातुकली मांडून बसलीय.

मॅडमनं दगडोबाला पालथं झोपवलं, पाय उचलून धरले आणि हातांवर चालायला सांगितलं. दोन पावलांत त्याचे कोपर दुमडले आणि तो तोंडावर आला. एका पायावर उभं केलं तर डुगडुगला. वाटीतले हरभरे एकेक करून उचलायला सांगितले, त्यानं सगळ्या पंजानं गोळा करून ओढले. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटेचना. डबीचं झाकण उघडायला त्यानं डबी आईकडं दिली. कणकेचा गोळा पुढं केला, तेव्हा त्यानं दोन्ही हात मागं घेतले.

‘रांगला होता का हा?’ मॅडमनं विचारलं.

‘रांगू दिलं न्हाई.’

‘जेवतो कसा?’

‘मी भरवते.’

‘अजून?’

‘अजून म्हंजे काय बाई? लेकरू हाय माझं.’

 मॅडमनं दगडोबाचा पंजा आपल्या हातावर उपडा ठेवला. ‘मावशी, याच्या हाताला रोग नाही. डोकंही चांगलं आहे. पण लिहिणं बोटांत सगळ्यात शेवटी येतं. आधी पोटापाठीत जोर लागतो, म्हणजे पोरगं ताठ बसतं. मग खांदा, मग मनगट. मूल रांगतं तेव्हा सगळा भार तळहातावर घेतं, पंजा तिथून घडायला लागतो. मग ते माती कालवतं, खडे वेचतं, फांदीला लोंबकळतं, आपल्या हातानं भाकरी मोडतं. एवढं झालं की बोटं पेन्सिलीला तयार होतात. यानं यातलं काहीच केलेलं नाही, आणि आपण त्याला एकदम लिही म्हणतोय.’

पार्वतीबाईच्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. गुरुजींनी पोराला मठ्ठ म्हटलं होतं, शेजारणींनी दुबळं म्हटलं होतं. या पोरीनं कुणालाच नाव ठेवलं नाही, पण ऐकणाऱ्याला कळायचं ते कळलं. पोराचे हात आपण पांगळे केले.

‘दिवाळीपर्यंत नाव येईल का लिवता?’ तिनं विचारलं. 

‘सुंदर नाही, पण येईल. रोज करायला मात्र पाहिजे. पेन्सिल सध्या बाजूला ठेवा. त्याचं त्याला जेवू द्या. कणीक मळू दे, धान्य निवडू दे, ओले कपडे पिळू दे, झाडावर चढू दे. आणि सगळ्यात आधी मातीत खेळू द्या. ओल्या मातीत हात घालायला लागला की बघा बोटं कशी उघडतात.’

‘मातीचं सोडून बाकी समदं करते.’

मॅडम हसली. ‘माती धुतली की निघते, मावशी.’

आता इथं पार्वतीबाईनं सांगायला हवं होतं. बांध, ओढ्याचा काठ, तुरीची कड, सगळं. त्या पोरीनं ऐकलं असतं, कदाचित दुसरा काही उपायही सांगितला असता. पण मांडवात दीडशे माणसं, मागं रांग, पुढं वाट्या-डब्या. मेलेल्या लेकरांची गोष्ट अशी उभ्याउभ्या सांगायची असते का? ती पोराचा हात धरून बाहेर आली.

पण बाई जिद्दीची. मातीचं सोडून बाकी समदं, म्हणजे खरोखर समदं तिनं केलं. दगडोबा ज्वारीचं पीठ मळू लागला. आधी नुसतं थापटायचा, मग मुठी वळायला लागला. साधना मूग आणि मटकी मिसळून पुढ्यात ठेवायची आणि तो निवडत बसायचा. धुणं पिळायला तिच्या समोरून टोक धरायचा. पहिल्यांदा आपल्या हातानं भाकरी मोडून खाल्ली तेव्हा अर्धी सदऱ्यावर सांडली, आणि पार्वतीबाईला आपले हात एकाएकी रिकामे झाल्यासारखे वाटले. ती चुलीकडं तोंड करून बसली. पण उठून भरवायला गेली नाही, ही कौतुकाची गोष्ट आहे.

श्रावण निम्मा सरला तोवर पेन्सिल मुठीतून बोटांत आली. घट्ट, वेडीवाकडी, पण बोटांत. एक दिवस पोरगं पाटी घेऊन धावत आलं. पाटीवर एक द होता. पोट सुटलेला, शेपूट भलत्याच दिशेला गेलेलं, पण आंधळ्यानंही द म्हणावं असा द. व्यंकटराव गुरुजींनी फूटपट्टी कपाटात टाकली म्हणे. पार्वतीबाईनं त्या दिवशी सगळ्या वस्तीत गूळ वाटला. आश्रमशाळेची फरशी तिला डोळ्यांपुढं दिसायला लागली.

मग पोळा आला.

ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, त्यांनी मातीचे करून पुजायचे, अशी रीत. धनगराच्या घरी बैल कुठले? दरवर्षी साधना ओढ्याची काळी माती आणून बैलजोडी करायची आणि दगडोबा बाजेवर बसून बघायचा. यंदा पार्वतीबाई हळद, खोबरं आणायला गोरेगावला गेली होती. साधनानं मॅडमचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सगळ्यात आधी माती, असं त्या म्हणाल्या होत्या. आईचं भय तिला ठाऊक होतं, पण पोर चौदा वर्षांची; तिला वाटलं, आई येऊन बघेल तेव्हा खूशच होईल. तिनं भावाला बाजेवरून खाली घेतलं आणि त्याच्या पुढ्यात मातीचा गोळा ठेवला.

पार्वतीबाई परत आली तेव्हा पोरगं दोन्ही हात पुढं करून तिच्याकडं धावत निघालं होतं. हातांवर मातीचा बैल. कोपरापर्यंत चिखल, गालाला चिखल, एवढं हसलेलं तोंड तिनं त्याचं कधी पाहिलं नव्हतं.

‘आई, शिंगं म्या केली! शिंगं माझी हायेत!’

तिला शिंगं दिसली नाहीत. तिला फक्त माती दिसली, लेकराच्या अंगावर चढलेली. हातातली पिशवी कुठं पडली तिला कळलं नाही. ज्या पोरावर तिनं जन्मात हात उगारला नव्हता, त्याला तिनं मारलं. हातांवर मारलं. आधी हातानं, मग चुलीपुढच्या उलथण्यानं.

‘या मातीनं खाल्लं तुझ्या तीन भावायला! खाली हायेत ते, खाली! तुलाबी वढून नेईल! जाशील पुन्हा? जाशील?’

मग तिनं त्याला न्हाणीत नेलं आणि त्याचे पंजे टाचा घासायच्या वजरीनं घासले, लाल होईपर्यंत. पोरगं आधी ओरडत होतं, मग ओरडायचं थांबलं. आपल्याला तीन भाऊ होते हे त्याला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा बैल दारात पडलेला होता. धड म्हणजे नुसता गोळा, पाय साधनानं लावलेले. पण शिंगं बारीक होती, टोकदार, वर वळलेली, दोन्ही सारखी.

‘दोन बोटांनी केली त्यानं,’ साधना हुंदके देत म्हणाली. ‘अंगठा आन् हे बोट. मॅडमनं सांगितलं तसं. म्या हातबी लावला न्हाई.’

पार्वतीबाई तिथंच उंबऱ्यावर बसली. आपण काय केलं ते तिला तेव्हाच, तिथंच, पुरतं कळलं. आत जावं, पोराला पोटाशी धरावं, सांगावं की खाली कुणी नाही, आई येडी आहे. पण ते तिच्या तोंडून निघेना, कारण आई येडी आहे हे तिला पटत होतं आणि खाली कुणी नाही हे पटत नव्हतं. तिनं ताट वाढलं आणि त्याला आपल्या हातानं भरवलं. त्यानं मुकाट खाल्लं.

पोळ्यानंतर दगडोबानं मुठी उघडल्या नाहीत. पीठ पुढं ठेवलं तर विचारायचा, ‘ज्वारी मातीतूनच येती न?’ मूगमटकीच्या ताटाकडं बघायचा नाही. पाटी घ्यायचा, पण पेन्सिल पुन्हा मुठीत, आणि अशी आवळून धरायचा की तिचे तुकडे पडायचे. गुरुजींना काही समजेना. एवढं चांगलं चाललं होतं, काहून बिघडलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. पार्वतीबाई म्हणाली, ‘काय म्हाईत.’ मॅडमचं शिबिर पुढच्या वर्षावर गेलं होतं. तिला गाठायचं तर नांदेड, आणि जाऊन सांगायचं तरी काय?

दिवाळी झाली. अंगदनं घोड्यावर बिऱ्हाड लादायला काढलं. ‘शाळेचं काय ते आज उरकून ये,’ तो बायकोला म्हणाला. ‘जमलं तर ठीक, न्हाई तं पोरगं आपल्यासंगं.’

हेडमास्तरांनी पोराला समोर बसवलं. पाढे विचारले, त्यानं म्हटले. गोष्ट सांग म्हणाले, त्यानं लांडगा आणि कोकराची गोष्ट सांगितली, आवाज काढून. हेडमास्तर मोठ्यानं हसले आणि त्यांनी पाटी पुढं केली. दगडोबानं पेन्सिल मुठीत धरली. ती मोडली. दुसरी दिली, तीही मोडली. पार्वतीबाई दाराशी उभी राहून पदराचं टोक पिळत होती. त्या फरशीवर तिचे पाय गार पडले होते.

‘अरे, घाबरलाय तो,’ हेडमास्तर म्हणाले. ‘पेन्सिल राहू दे. आमच्या वेळी कुठं पाटी-पेन्सिल होती? धूळपाटीवर बोटानंच अक्षरं काढायचो. चल, बाहेर चल.’

ते त्याला अंगणात लिंबाखाली घेऊन गेले. वाकून त्यांनी तळहातानं माती सारखी केली, खडे बाजूला काढले. ‘पूर्ण नावसुद्धा नको मला. एक अक्षर काढ. बोटानं द काढ, अन् आजपासून तू आमचा. येतो ना द?’

दगडोबानं मान हलवली. येत होता. पार्वतीबाईलाही ठाऊक होतं की येतो.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि आईकडं पाहिलं.

‘काढ,’ ती म्हणाली. त्यानं हात काढले नाहीत. ती त्याच्याजवळ येऊन खाली बसली. ‘म्या मारत न्हाई, माझ्या राजा. आईची आण. काढ.’ तिनं त्याचं मनगट धरून पुढं ओढलं, एकेक बोट सोडवून पहिलं बोट मोकळं केलं आणि मातीकडं नेलं. पोरगं रडलं नाही. ते तिच्या कानाशी आलं आणि हळूच म्हणालं,

‘आई, खालून त्यायनं बोट धरलं तं?’

हेडमास्तर समोर उकिडवे बसून वाट बघत होते. न्हाई धरत, एवढंच तिला म्हणायचं होतं. तिनं तोंडही उघडलं. पण त्याआधीच तिच्या हातानं पोराचं मनगट मातीवरून वर उचललं होतं.